नववीच्या हजेरीपटावर एक परदेशी नाव

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, रत्नागिरी



आपल्या जिल्हा परिषदेने 2023 साली केलेल्या एका कामाचं कौतुक आधी करतो, मग मागणीकडे येतो. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांतली मुलं चाळणी परीक्षा घेऊन निवडली गेली. काही इस्रोला गेली, त्यांतली मोजकी थेट अमेरिकेत नासाला जाऊन आली. सरकारी पैशाने मास्तर आणि मुलं विमानात बसली याचं काहींना दुखलं. मला नाही दुखलं. माझं म्हणणं निराळं आहे. सहल म्हणजे पाहून येणं, राहून येणं नव्हे. शिवाय ती एकाच दिशेने जाते. आमची मुलं जग बघायला जातात, पण जगातलं एखादं मूल आमच्या वर्गात येऊन बसत नाही. ते बसावं, आणि पूर्णगड-पावस पट्ट्यातल्या एखाद्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात पूर्ण वर्षभर बसावं, एवढ्यासाठी हे पत्र. जाहीर अशासाठी, की हे काम एकट्या आपल्या सहीने होणारं नाही. ते संस्थाचालकांनी, रोटरीवाल्यांनी आणि गावातल्या दोन-तीन घरांनीही वाचायला हवं.

मुलांना वर्षभर परक्या घरी ठेवायची ही पद्धत युद्धातून निघाली. पहिल्या महायुद्धात, 1915 पासून, फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना गाडीत घालून दवाखान्यात पोचवणारे अमेरिकन स्वयंसेवक होते. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ हे त्यांच्या संघटनेचं नाव. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी तेच काम केलं. युद्ध संपल्यावर या गाडीवाल्यांनी ठरवलं, की जखमी उचलण्यापेक्षा आधीच काही करता आलं तर बघावं. 1947 मध्ये दहा देशांतली 52 मुलं अमेरिकेतल्या शाळांत वर्षभरासाठी आली. आजचा एएफएसचा कार्यक्रम तो हाच. रोटरीचा यूथ एक्स्चेंजही याच जातीचा. साधारण पंधरा ते एकोणीस वयाची मुलं, वर्षात दोन-तीन घरं, यजमानाला एक पैसा मिळत नाही. जाताना कोऱ्या असलेल्या कोटावर येताना देशोदेशीचे बिल्ले लावलेले असतात. आणि 11 सप्टेंबर 2001 नंतर, म्हणजे 2002 मध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या देशांतल्या मुलांसाठी केनेडी-लुगार शिष्यवृत्ती काढली. तिच्यातून भारतातलीही मुलं गेली. 2009 पासून अमेरिकन मुलं उलट्या दिशेने पाठवायलाही सुरुवात झाली, आणि त्या देशांत भारत होता.

आता या मुलांच्या नशिबी काय येतं ते पाहा. आपलं मूल निघतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क असतं, आणि हातात पत्ता पडतो आयोवा नाहीतर नेब्रास्कातल्या कुठल्याशा गावाचा. त्याला कारण आहे. मोठ्या शहरात घरं लहान आणि माणसं दिवसभर बाहेर. रिकामी खोली, जेवणाच्या टेबलावर एक जास्तीची खुर्ची आणि दुसऱ्याचं पोर वर्षभर सांभाळायची हौस लहान गावांतच सापडते. मग ते मूल मक्याच्या शेतांमधल्या हायस्कुलात जातं. पिवळी बस, लॉकर, शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर फुटबॉल बघायला लोटलेलं अख्खं गाव. मास्तर वर्गात आले तरी कुणी उभं राहत नाही. यजमान बाप जेवणानंतर भांडी घासतो आणि पाहुण्या मुलाच्या हातात फडकं देतो. रविवारी चर्चला यायचं का, हा प्रश्न फार हळुवारपणे विचारला जातो, आणि उत्तर काय द्यावं ते पोराला कळत नाही. पहिल्या महिन्यात त्याच्याबद्दल सगळ्यांना कुतूहल, भारतात हत्तीवर बसून फिरता का वगैरे. दुसऱ्या महिन्यात ते ओसरतं. जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन कुणाच्या टेबलावर जाऊन बसायचं, हा आयुष्यात कधी न पडलेला प्रश्न तेव्हा पडतो, आणि खरी शाळा तिथून सुरू होते. परत आलेली मुलं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापेक्षा या टेबलाबद्दल जास्त बोलतात.

परतल्यावर इथे काय होतं, ते आपल्या खात्याला ठाऊकच असेल. कॉलेज विचारतं, अकरावी कुठे केली? तिथल्या वर्षाचा मेळ बसत नाही, वर्ष फुकट जातं, आणि शेजारी म्हणतात, एवढा खर्च करून नापास झाला.

जाणाऱ्यांचं हे असं. येणाऱ्यांचं काय? महाराष्ट्रात परदेशी विद्यार्थी येतात, नाही असं नाही. पुण्यात ‘असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट’चे अमेरिकन विद्यार्थी वर्षानुवर्षं मराठी घरांत राहून मराठी शिकून गेले. पण ती कॉलेजची मुलं, आणि ते पुणं. मुळशीच्या डोंगरावर 1997 पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे कितीतरी देशांची मुलं एकत्र शिकतात, पण तो परिसर म्हणजे स्वतःच एक गाव. शाळकरी वयाची एक्स्चेंजची मुलं बहुधा मोठ्या शहरांतल्या, इंग्रजीत शिकवणाऱ्या शाळांतच बसवली जातात. सोयीचं असतं ते. लहान गावाला परकं माणूस पेलतं का, अशी शंका असेल तर फलटणकडे बघावं. मॅक्सीन बर्नसन नावाची अमेरिकन बाई 1960 च्या दशकात तिथे येऊन राहिली, फलटणच्या बोलीवर तिने संशोधन केलं, परदेशी माणसांना मराठी शिकवायची पुस्तकं लिहिली आणि गावातल्या मुलांसाठी शाळा काढली. फलटणला ती पेलली. उलट फलटणच्या पोरांना धड वाचता यावं म्हणून बाईंनी जे कष्ट घेतले, ते कित्येक देशी संस्थांना जमले नाहीत.

आणि आपल्या रत्नागिरीचं? इथे परदेशी मुली वाढल्या आहेत, त्याही राजकन्या. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 मध्ये रत्नागिरीत नजरकैदेत आला तो कुटुंबासकट. चार मुली इथल्या हवेत मोठ्या झाल्या. नोकरचाकरांशी बोलता बोलता मराठी त्यांच्या तोंडी बसली. पण गावातल्या मुलींबरोबर शाळेच्या बाकावर त्या कधी बसल्या नाहीत. इंग्रज सरकारने राजाला वाडा बांधून दिला, तो 1910 मध्ये पुरा झाला, पोरींना मात्र शाळा दिली नाही. राजा 1916 मध्ये वारला, पुढे कुटुंब परत गेलं. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीलाच परतली. तिची मुलगी टुटू इथल्याच गल्ल्यांत वाढली, मराठी बोलली, इथेच संसार करून म्हातारी झाली. पर्यटक आज थिबा पॅलेस बघायला येतात आणि सज्जातून खाडी बघून जातात. त्या चार मुलींना जर कुणी वर्गात बसवलं असतं, तर रत्नागिरीला ब्रह्मदेशाबद्दल पॅलेसच्या तिकिटापेक्षा जास्त काही माहीत असतं, असं माझं आपलं मत.

मग पूर्णगडच का, असं आपण विचाराल. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव, रत्नागिरीपासून पंचवीसेक किलोमीटर. टेकाडावर छोटा किल्ला, नाव मात्र पूर्णगड. पुलापलीकडे गावखडीची सुरूची बनं, अलीकडे पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर. सरकारी यादीत हे आजही लहान बंदर आहे, प्रत्यक्षात होड्या आणि मासळी. परदेश या किनाऱ्याला नवा नाही. इथले बाप्ये पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेले, नंतर कुवेत आणि दुबईला गेले. घरातल्या बायकांना कुठल्या महिन्यात कुठल्या बंदरातून फोन येणार हे पाठ. परदेश इथे मनीऑर्डरीच्या आणि आखाती सुगंधी बाटल्यांच्या रूपाने येत आला, माणसाच्या रूपाने आला नाही. हिंदू आणि मुसलमान वस्ती शेजारी शेजारी आहे, त्यामुळे पाहुण्या मुलाला एकाच वर्षात गणपतीचे मोदकही मिळतील आणि ईदचा शीरखुर्माही. यजमान म्हणून एक घर वाडीतलं आणि एक मोहल्ल्यातलं घ्यावं, अशी माझी खास सूचना आहे.

आणि इथल्या शाळा वाईट नाहीत. दहावीचा निकाल लागला, की कोकण विभाग राज्यात पहिला, हे दरवर्षीचं झालं आहे. 2025 मध्ये 98.82 टक्के. एवढ्या गुणांचं पुढे काय होतं तेही आपण जाणता. मुलगा पास झाला, की सामान बांधतो. गावातली हुशारी मुंबईच्या गाडीत बसवून देणं, हे आमच्या हायस्कुलांचं मुख्य उत्पादन. मागे उरतो तो घटता पट. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानंतर मुख्याध्यापकांची बोटं हजेरीपटावरच फिरत असतात, एक मूल कमी झालं तर एक मास्तर जाईल या धास्तीने. अशा वेळी जर्मनीतून किंवा ब्राझीलमधून एक मूल आलं, तर निदान पट एकाने वाढेल, असं मी एकदा गमतीने म्हणालो. त्यावर एक मुख्याध्यापक गंभीरपणे म्हणाले, “गुरुजी, आधार नाही म्हणजे पोर्टल घेणार नाही.”

इथे मला मुद्द्याचं सांगायचं आहे. आमच्या हायस्कुलातला मुलगा सतत कुणाकडून तरी शिकत असतो आणि कुठेतरी जायच्या तयारीत असतो. आपल्याला जे येतं ते कुणाला शिकवण्यासारखं आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलंच नाही. उधाणाची भरती कधी आणि भांगाची कधी, हे खारव्याचा नववीतला पोरगा तिथी ऐकून सांगतो. ओहोटीला खाडीत कुठल्या पुळणीवर मुळे मिळतील, पाग कसा फेकला म्हणजे पाण्यावर गोल पडतो, मोहोर करपला तो थ्रिप्सने की अवेळच्या पावसाने, हे त्याला येतं. प्रश्नपत्रिकेत यातलं काही येत नाही, म्हणून तो याला ज्ञान समजत नाही. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भला मोठा हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पंचक्रोशीतल्या किती वर्गांनी तो हत्ती पाहिला असेल? शेजारच्या बाकावर परक्या देशाचं पोर असेल आणि ते रोज विचारत असेल, हे काय, हे असं का, तर आमच्या पोरांना उत्तरं शोधावी लागतील. काही उत्तरं त्यांना आईबापांकडून आणावी लागतील. मास्तरांनाही माहीत नसतील अशी काही निघतील, त्यात कमीपणा नाही.

म्हणून आधीच सांगतो, हे मूल इंग्रजी शिकवायला येणार आहे असा समज कुणी करून घेऊ नये. संस्थाचालकांचे डोळे तिथेच लुकलुकतील याची मला खात्री आहे. जाहिरातीच्या फलकावर ‘परदेशी विद्यार्थ्यासोबत इंग्रजी संभाषण’ असं छापलं जाईल. ते आपण हाणून पाडावं. एक तर ते पोर कदाचित मेक्सिकोचं किंवा तैवानचं असेल आणि त्याचं इंग्रजी आमच्या पोरांइतकंच कच्चं असेल. दुसरं म्हणजे ते मराठी शिकायला येणार आहे. त्याला कुमारभारती झेपणार नाही, तर बालभारतीची पहिलीची पुस्तकं द्या. पहिलीतल्या पोरांनी नववीतल्या पाहुण्याकडून बाराखडी घोटून घ्यावी.

दुसरा धोका याहून मोठा. आपण त्याला प्रमुख पाहुणा करून टाकू. शाल, श्रीफळ, लेझीम, पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभं करून फोटो, आमदारांच्या सत्काराला हजर, मग स्थानिक वृत्तवाहिनीवर त्याला “पूर्णगड कसं वाटलं?” वर्षभर सत्कार झालेला मुलगा वर्षभरात एकही मित्र करू शकत नाही. त्याला वर्ग झाडायची पाळी लावा. गृहपाठ केला नाही तर बाकावर उभं करू नका, कुणालाच करू नका, पण विचारा जरूर. एसटीला उशीर झाला तर इतर पोरांसारखं त्यालाही पावसच्या स्टँडवर भिजू द्या.

आणि येणारं मूल गोरंच असेल असं कृपा करून धरून चालू नका. गोऱ्या मुलासाठी पंचक्रोशी लोटेल. केनियाचं मूल आलं तर वर्गात आणि वर्गाबाहेर काय बोललं जाईल, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. मोठ्या शहरांत आफ्रिकन विद्यार्थ्यांना घर मिळवताना काय ऐकावं लागतं, ते वर्तमानपत्रांत येतं. आपण गावात वेगळे निघू, असं म्हणायला माझी जीभ धजावत नाही. तरीही निवड करायची वेळ आली तर मी केनियाच्या मुलाला आधी बोलवीन. आमच्या पोरांना त्याचीच जास्त गरज आहे.

आता कामाचं. शाळा जूनच्या मध्याला उघडते, पण एक्स्चेंजची मुलं बहुधा ऑगस्टच्या आसपास येतात. येऊ देत. मासेमारीची बंदी 31 जुलैला उठलेली असते, नारळी पौर्णिमा आणि गणपती तोंडावर असतात, चाकरमानी गावात येतात. पाऊस जोरात, वीज जाऊन-येऊन. यापेक्षा चांगली ओळख परेड नाही. इयत्ता नववीच घ्यावी. दहावीत अजिबात नको. दहावीच्या वर्गात कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे सराव प्रश्नपत्रिकांत बुडालेले असतात. परीक्षेला त्याला बसवावं, पण गुणपत्रक देऊ नये. वर्षभर हजर होता आणि मराठीत अमुक इतपत आला, असं मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र पुरे. शिमग्यात पालखी नाचवताना अभ्यास बुडेल. बुडू द्यावा.

परवानग्यांना घाबरायचं कारण नाही, फक्त त्या वेळेवर घ्याव्या लागतात. विद्यार्थी व्हिसा, आल्यावर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे नोंदणी, आणि ज्या घरात तो उतरेल त्या घराने चोवीस तासांत द्यायची माहिती. हॉटेलवाले हे रोज करतात. पूर्णगडच्या एखाद्या काकूंना ऑनलाइन अर्ज जमणार नाही, तिथे शाळेच्या लिपिकाने बसावं. यजमान घरांची पोलीस पडताळणी व्हावी, यात कुणी अपमान मानू नये, कारण मूल दुसऱ्याचं आहे. शाळेतली सखी सावित्री समिती कागदावर असेल तर आधी ती जागी करावी. मुलगी आली तर तिला एकटीला गावखडीच्या किनाऱ्यावर फिरू द्यायचं का, यावर गावात चर्चा होणारच. आमच्या मुलींना तरी फिरू देतो का, हा प्रश्न त्या चर्चेत कुणीतरी काढील अशी आशा आहे. स्वच्छतागृहाचं दार लागतं का आणि आत पाणी आहे का, हे तर पाहुणा नसतानाही बघायला हवं होतं. पाहुण्याच्या निमित्ताने ते दुरुस्त झालं, तरी मी या योजनेला यशस्वी म्हणेन.

पैशांचं म्हणाल तर जिल्हा परिषदेचा खर्च नासाच्या सहलीच्या मानाने काहीच नाही. विमानभाडं आणि विमा त्या मुलाच्या घरचे किंवा शिष्यवृत्ती देणारे बघतात, जेवणखाण यजमानाचं. आपल्याकडून हवी ती एक चिठ्ठी: माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी अशा विद्यार्थ्याला वर्षभर वर्गात बसू द्यावं, आणि पोर्टलवर नाव चढत नाही म्हणून कुणाला नोटीस काढू नये. त्याचबरोबर उलट दिशेने गेलेल्या आपल्या मुलाचं वर्ष बुडू नये यासाठी मंडळाकडे लेखी विचारणा करावी. मंडळाचं विभागीय कार्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

रोटरीच्या रत्नागिरीतल्या मंडळींनाही याच पत्राने विनंती करतो. येणाऱ्या मुलांच्या यादीतलं एक नाव यंदा शहराबाहेर पाठवा. त्याला मॉल मिळणार नाही, नेट अधूनमधून मिळेल, आणि सुरुवातीचे दोन महिने तो घरी फोन करून रडेल. नेब्रास्कात आपली मुलंही रडतात.

मुख्याध्यापकांची सभा आपल्याकडे होतेच. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि कोणती शाळा तयार आहे ते थेट विचारावं. हात वर झाला नाही तर पूर्णगड-पावसकडच्या शाळांत मी स्वतः जाऊन विचारेन, यजमान घरांशीही बोलेन. पण पत्र आपल्या कार्यालयाचं हवं, नाहीतर निवृत्त मास्तरांचं चहापुरतं ऐकून घेतात.

आपला,
पूर्णगड पंचक्रोशीतला एक निवृत्त शिक्षक